हरवलेलं साम्राज्य गेममध्ये लिहायचं म्हणजे काय लिहायचं?

गेमसाठी जग लिहिण्याच्या कामात यायचंय म्हणून जे नमुने पाठवले जातात, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात एकसारखी असते. पाच हजार वर्षांपूर्वी एक महान साम्राज्य होतं, मग राजांची वंशावळ, दोन-तीन महायुद्धं, शेवटी शाप. लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसते, पण खेळाडू यातलं काही वाचत नाही. तो तोवर उडी मारायचं बटण शोधत असतो.

मी उलट्या टोकाने लिहितो. आधी ठरवायचं, की आजच्या माणसांच्या हातात त्या साम्राज्याचं काय उरलंय आणि ते त्याचा काय उपयोग करतात. राजांची नावं नंतर, लागलीच तर. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये दहा हजार वर्षांपूर्वी रक्षणासाठी बनवलेली यंत्रं आज मैदानात खेळाडूच्या मागे लागतात, कारण शंभर वर्षांपूर्वी शत्रूने ती आपल्या ताब्यात घेतली. हा इतिहास कोणी वाचून दाखवावा लागत नाही. लाल किरण अंगावर रोखला गेला की खेळाडू आपोआप त्या इतिहासात ओढला जातो. 'स्कायरिम' (२०११) मधल्या ड्वेमर लोकांचंही तसंच. अख्खी जमात एका क्षणात नाहीशी झाली, पण त्यांची वाफेवरची यंत्रं भुयारांत अजून चालू आहेत. ती का गेली यावर त्या जगातल्या विद्वानांचंच एकमत नाही.

आता जादू. प्राचीन जादू 'फार शक्तिशाली' होती, असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ती कशावर चालायची, कोणाच्या हातात होती आणि का थांबली, या तीन प्रश्नांची उत्तरं ठरली की शहरांच्या जागा, रस्ते, आजचे गरीब-श्रीमंत, सगळं भराभर सुचायला लागतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळातल्या फरगॉटन रेल्म्स या जगातलं नेथेरिल हे बुडालेलं साम्राज्य माझं आवडतं उदाहरण. तिथे कार्सस नावाचा जादूगार जादूच्या देवीचीच शक्ती बळकावायला जातो, क्षणभर जादूच बंद पडते आणि तरंगती शहरं कोसळतात. त्यानंतर दहाव्या पातळीचे आणि त्यावरचे मंत्र कोणालाच करता येत नाहीत. आता नियमपुस्तक उघडा. खेळाडूला मिळणारे मंत्र नवव्या पातळीला संपतात. खेळाच्या नियमालाच त्या जगात एक कारण मिळालं. तुमचं साम्राज्य तुमच्या गेमच्या कुठल्या नियमाचं कारण होऊ शकतं, हे शोधण्यात एक अख्खा दिवस गेला तरी तो फुकट जात नाही.

आमच्या एका प्रकल्पात प्राचीन लोक तरंगायचे, एवढंच सुरुवातीला ठरलेलं होतं. लेव्हल डिझायनरने (खेळायच्या जागा आखणाऱ्याने) विचारलं, "मग यांच्या शहरात जिने कशाला?" खरंच, कशाला? आम्ही सगळे जिने काढून टाकले. दारं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला, चौकात मध्येच उभे खांब, वर जायला वाट नाही. साम्राज्य बुडाल्यावर तिथे राहायला आलेल्यांनी लाकडी शिड्या बांधल्या, त्याही त्यांना गरज होती तेवढ्याच उंचीपर्यंत. त्यामुळे शिडी संपते तिथून वरचं सगळं न लुटलेलं. खेळाडूला हे कोणी सांगत नाही. दोन-तीन इमारती चढून झाल्या की तो स्वतःच शिडीचं टोक बघून वर नजर टाकायला लागतो.

तरंगायचे कशाने? पायातल्या तांब्याच्या कड्याने. ते कडं खेळाडूला पहिल्याच तासात मिळतं आणि त्याखाली एवढाच मजकूर आहे: 'तांब्याचं जड कडं. आतून झिजून गुळगुळीत. कोळी जाळं बुडवायला बांधतात.' तरंगवणारी वस्तू आज बुडवायच्या कामाला लागलीय, हे कोड्यासारखं तिथेच ठेवलं. बऱ्याच वेळाने अवशेषांत पुतळे दिसतात, प्रत्येकाच्या घोट्यात तेच कडं आणि पाय चौथऱ्यापासून वीतभर वर. वस्तूखालच्या मजकुराला जागा दोन-तीन ओळींचीच असते आणि भाषांतरात त्या ओळी लांबतात, म्हणून असं काटकसरीने लिहायची सवय लावून घ्या. या कामातला मोठा भाग हाच आहे. भव्य प्रस्तावना लिहायची पाळी क्वचित येते.

खरा इतिहास वाचाच, पण युद्धांसाठी नव्हे. लोक किती पटकन विसरतात आणि विसरल्यावर काय समजून बसतात, हे बघायला वाचा. आजच्या इराकमधल्या प्राचीन असीरिया साम्राज्याची राजधानी निनेवे इ. स. पूर्व ६१२ मध्ये पडली. इ. स. पूर्व ४०१ मध्ये झेनोफन हा ग्रीक लेखक ग्रीक सैन्यासह तिच्या भिंतींजवळून गेला आणि हे मीड या इराणी लोकांचं जुनं शहर, असं लिहून ठेवलं. अवघ्या दोनशे वर्षांत जागेवरून साम्राज्याचं नावच पुसलं गेलं होतं! ग्रीसमधल्या मायसीनी या प्राचीन शहराच्या प्रचंड दगडांच्या भिंती नंतरच्या ग्रीकांना माणसांच्या वाटेचनात, त्या एकाक्ष राक्षसांनी रचल्या असं ते सांगत. म्हणून गेममधल्या गावकऱ्यांना सगळा खरा इतिहास तोंडपाठ असला की मला शंका येते. त्यांना चुकीचं सांगू द्या, दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगू द्या. खरं उत्तर मात्र टीमसाठी एका पानावर लिहिलेलं असू द्या, नाहीतर चित्रकार एक समजून रंगवतो आणि संवाद लिहिणारा दुसरंच समजून लिहितो.

लिपीचा मोह सगळ्यांना होतो. 'हेवन्स व्हॉल्ट' (२०१९) मध्ये प्राचीन भाषा उलगडणं हाच खेळ आहे, तिथे ती हवीच. तुमच्या गेममध्ये ती नुसती भिंतीवरची नक्षी असेल तर तिच्या व्याकरणावर महिने घालवू नका. प्राचीन ग्रीस आणि क्रीटमधल्या दोन लिप्यांपैकी लिनिअर बी १९५२ मध्ये वाचली गेली, लिनिअर ए अजून नाही. न वाचलेली लिपीही जगात शोभते.

नमुना पाठवताना दीडशे पानांची लोर-वही (जगाच्या इतिहासाची वही) पाठवू नका, ती कोणी उघडत नाही. एक खोली, तिच्यातल्या पाच वस्तूंचे मजकूर आणि त्या खोलीबद्दल दोन माणसांनी सांगितलेल्या न जुळणाऱ्या अफवा पुरतात. ट्वाइन किंवा इंक या निवड करत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायच्या साधनांपैकी काहीतरी शिकून ते खेळता येईल असं करा. दोन्ही फुकट आहेत आणि प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी जमतात. सोबत अर्धं पान जोडा: या जगातली जादू कशावर चालायची, का थांबली आणि त्यामुळे खेळाडूला आज काय करता येत नाही. मुलाखतीत प्रश्न त्याच अर्ध्या पानावर येतात.