जुन्या गाडीचं टायमिंग: आधी दोष शोधा, मग डिस्ट्रिब्युटर फिरवा

टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, बिघडल्याची शंका आली की बहुतेक जण थेट डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) क्लॅम्प सैल करतात, तो थोडा इकडे-तिकडे फिरवतात, इंजिन बरं वाजायला लागलं की क्लॅम्प आवळून बॉनेट बंद करतात. गाडी त्या दिवशी चालते, पण मूळ दोष झाकला जातो. समजा, पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) कॅमवर घासणारी टाच झिजून गॅप कमी झाला आणि त्यामुळे टायमिंग मागे पडलं. कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून ते पुढे आणलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी नवे पॉइंट बसवून गॅप बरोबर केला, की टायमिंग गरजेपेक्षा जास्त पुढे! मग नॉकिंग (इंजिनातला खडखडाट) सुरू, आणि दुर्लक्ष झालं तर पिस्टनची वाट. म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे.

इथे दिलेली पद्धत पॉइंट, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. गाडीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवाच. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या इंजिनाचे आकडे मॅन्युअलमध्येच असतील.

ठिणगी वेळेआधी का पडते?

पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम भडकत नाही, ज्वाळा पसरायला वेळ लागतो. तो वेळ ढोबळमानाने २ मिलिसेकंद धरा. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, साधारण १० अंश फिरतो आणि ३००० आरपीएमला ३६ अंश. सिलिंडरमधला दाब पिस्टनने टॉप (त्याचं सर्वांत वरचं स्थान) ओलांडल्यानंतर, साधारण १५ अंशांच्या आसपास, सर्वांत जास्त हवा. म्हणजे ठिणगी टॉपच्या आधी पडली पाहिजे, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम दोन यंत्रणा करतात. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली स्प्रिंग लावलेली वजनं वेगानुसार टायमिंग पुढे नेतात. बाजूचा व्हॅक्युम डायफ्रॅम हलक्या लोडवर, म्हणजे सपाट रस्त्यावर आरामात चालताना, त्यात भर घालतो. यातलं एक जरी अडकलं तरी आयडलिंगला टायमिंग बरोबर आणि रस्त्यावर चुकीचं, असं होतं.

लक्षणं

टायमिंग मागे पडलं, म्हणजे रिटार्ड झालं, की गाडी पिकअप घेत नाही, पेट्रोल जास्त पिते, इंजिन तापतं. मिश्रण जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, त्यामुळे मॅनिफोल्ड फार गरम होतो आणि कधी सायलेन्सरमधून फटाके वाजतात. उलट टायमिंग फार पुढे, म्हणजे ॲडव्हान्स असेल, तर गरम इंजिनाला सेल्फ मारताना ते अडखळतं, उलटा झटका देतं. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की डबीत खडे हलवल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. तेच नॉकिंग. हीच लक्षणं फाटलेला व्हॅक्युम पाइप, बंद पडत आलेला कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा भाग) किंवा पातळ मिश्रण यांनीही येतात, म्हणून लक्षणांवरून अंदाज बांधा, निर्णय मोजमापावर घ्या.

कामाला लागण्यापूर्वी

फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या), चालू इंजिनासाठी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा), थोडा पांढरा रंग किंवा खडू, आणि दोन वायरी लावलेला १२ व्होल्टचा बल्ब. गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ व्होल्टचा घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असू शकतं, म्हणून टायमिंग लाइट जोडण्याआधी बॅटरी नीट पाहा.

इंजिन मोकळ्या हवेतच चालू करा. आणि एक धोका नीट लक्षात ठेवा: टायमिंग लाइटच्या उजेडात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. हात, सैल बाही आणि वायर त्याच्यापासून लांब.

पायरी १: प्लग, वायर, कॅप, रोटर

हे पटकन उरकतं. प्लग काढून साफ करा, गॅप मॅन्युअलप्रमाणे करा. पॉइंट असलेल्या गाड्यांत तो बहुधा ०.६ मि.मी.च्या आसपास असतो. कॅपच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या, आत काळी बारीक रेघ दिसली तर ती तडा आहे किंवा करंट गळून पडलेला माग. कॅप बदला. वायर फायरिंग ऑर्डरप्रमाणे (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाप्रमाणे) आहेत ना ते पाहा. बऱ्याच चार सिलिंडर सरळ इंजिनांत १-३-४-२ असतो, पण फोक्सवॅगन बीटलमध्ये १-४-३-२. दोन वायर अदलाबदल झाल्या की माणूस तासन्‌तास टायमिंगशी झुंजत बसतो.

पायरी २: पॉइंट

इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा. या ठिकाणी पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असतात. फीलर गेजने गॅप पाहा. बहुतेक गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मि.मी. असतो. पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर फीलर गेज खोटं माप देईल, कारण ते टेकाडावर टेकतं. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदललेले बरे. फार जळत असतील तर कंडेन्सरही बदला, आणि कॉइल बॅलास्ट रेझिस्टरची (कॉइलला मिळणारं व्होल्टेज कमी करणारा भाग लागणारी) आहे की साधी, तेही तपासा. बॅलास्टची कॉइल थेट १२ व्होल्टवर चालवली की पॉइंट लवकर जळतात.

ड्वेल मीटर असेल तर उत्तम. पॉइंट किती अंश बंद राहतात ते तो दाखवतो. चार सिलिंडरला हा आकडा साधारण ५० ते ६०च्या दरम्यान असतो. वेग वाढवताना काटा बराच हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किंवा बुश झिजलाय. रोटर (कॅपखाली फिरून वायरींना करंट वाटणारा तुकडा) काढून शाफ्ट बाजूला हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या वेळी पडते आणि कितीही सेटिंग केलं तरी ते टिकणार नाही.

गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. हा क्रम कधीच उलटा नाही.

पायरी ३: खुणा खऱ्या आहेत का?

हे पाऊल लोक टाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महाग चूक. अनेक इंजिनांच्या क्रँक पुलीत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. वर्षानुवर्षांनी रबर सुटून कडं सरकतं, आणि त्याच्यावरची खूणही. मग तुम्ही १० अंशांवर ठेवलंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात २० असतं.

खात्री अशी करा. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. १ नंबरच्या प्लगच्या छिद्रात पिस्टन स्टॉप बसवा. प्लगच्या आट्यांत बसणारा आणि पुढे बोथट टोक असलेला बोल्ट, एवढंच ते साधन. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूच एका दिशेने फिरवा, पिस्टन टेकला की इंजिनावरच्या स्थिर खुणेसमोर (पॉइंटरसमोर) पुलीवर रेघ मारा. मग उलट दिशेने तसंच. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. इथे सेल्फ अजिबात मारायचा नाही, पिस्टन फुटेल.

पुलीवर अंशांच्या खुणा नसतील तर परीघ मोजा आणि ३६ने भागा. १५० मि.मी. व्यासाच्या पुलीवर १० अंश म्हणजे साधारण १३ मि.मी. टॉपची खूण पॉइंटरसमोर असताना, इंजिन फिरतं त्या दिशेने पॉइंटरच्या पुढे तेवढ्या अंतरावर पांढरी रेघ मारा. फिरताना तीच रेघ पॉइंटरपाशी आधी येते.

पिस्टन स्टॉप काढल्यावर, कॅप काढूनच टायमिंग चेनचाही (क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणाऱ्या साखळीचाही) अंदाज घ्या. क्रँक थोडा पुढे, मग हळूच मागे फिरवा आणि रोटर हलायला लागेपर्यंत पुली किती अंश फिरते ते पाहा. थोडा खेळ चालतो. दहाएक अंशांपर्यंत रोटर हलत नसेल तर चेन, टेन्शनर किंवा डिस्ट्रिब्युटरचा गिअर झिजलाय. मग व्हॉल्व्हचं टायमिंगही मागे पडलेलं असू शकतं. सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येत असेल तर चेनने किंवा तिच्याऐवजी असलेल्या पट्ट्याने दात सोडल्याची शंका घ्या. पट्ट्याच्या इंजिनात गाडी किती चालली यापेक्षा पट्टा किती वर्षांचा आहे ते विचारा. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

पायरी ४: बल्बने स्थिर टायमिंग

१ नंबर सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकवर टॉपकडे आणा. प्लगच्या छिद्रावर अंगठा ठेवला की दाब जाणवेल. शेवटचा टप्पा नेहमी इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच गाठा. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात घुसतो. मॅन्युअलमधल्या अंशांवर थांबा. रोटर १ नंबरच्या वायरकडे बघत असला पाहिजे. बरोबर उलट बाजूला असेल तर बहुधा तुम्ही एक्झॉस्टच्या टॉपवर आहात.

बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडताच पेटतो. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने फिरवा म्हणजे पॉइंट बंद होतील, मग हळूहळू उलट, बल्ब पेटेल त्या क्षणापर्यंत. तिथे क्लॅम्प आवळा. रोटरच्या दिशेने फिरवलं की टायमिंग मागे, उलट फिरवलं की पुढे. काम झालं की इग्निशन बंद करा, पॉइंट बंद राहिले तर कॉइल तापते.

पायरी ५: चालू इंजिनावर

इंजिन गरम करा. व्हॅक्युम पाइप काढून त्याचं तोंड बंद करा (मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तसं करा). टायमिंग लाइटचा क्लिप १ नंबरच्या वायरवर. आयडलिंग मॅन्युअलच्या वेगावर आणा. वेग जास्त असेल तर आतली वजनं आधीच हलायला लागतात आणि माप फसतं. डिस्ट्रिब्युटर सूतभर फिरवला की आयडलिंग बदलतं, ते पुन्हा जागेवर आणून पुन्हा पाहा. खूण एका जागी न राहता थरथरत असेल तर झिजलेला शाफ्ट किंवा ढिली चेन आठवा.

आता रेस द्या. खूण सावकाश, अखंड सरकत पुढे जायला हवी आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर जागेवर परतायला हवी. ३००० ते ३५०० आरपीएमला व्हॅक्युमशिवाय एकूण ॲडव्हान्स बऱ्याच जुन्या इंजिनांत ३०-३५ अंशांच्या आसपास असतो. खूण हललीच नाही तर वजनं गंजून अडकलीत. झटक्यात गेली किंवा परतली नाही तर स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली. प्लेट काढून साफ करा, तेलाचे एक-दोन थेंब द्या.

व्हॅक्युमची परीक्षा सोपी. इंजिन बंद करून डायफ्रॅमचा पाइप तोंडाने ओढा आणि जिभेने धरून ठेवा. पॉइंटची प्लेट हलली पाहिजे आणि तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्रॅम फाटलाय.

पायरी ६: रस्त्यावर

पाइप जोडून गरम गाडी वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, हलक्या चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चालवा. नॉकिंग ऐकू आलं तर २ अंश मागे घ्या आणि पुन्हा चालवा. मॅन्युअल त्या काळच्या पेट्रोलवर लिहिलेलं आहे. आजच्या पेट्रोलचं ऑक्टेन आणि मिश्रण वेगळं असतं, त्यामुळे थोडा फरक पडणारच. चढावर काही ऐकू आलं नाही म्हणून टायमिंग वाढवत नेण्याचा मोह मात्र नको. जास्त वेगातलं नॉकिंग वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजात दबून जातं.

समाधान झालं की डिस्ट्रिब्युटरच्या पायापासून ब्लॉकपर्यंत रंगाची एक रेघ ओढा, पुढच्या वेळी कुणी हात लावलाय का ते कळेल. कार्ब्युरेटरचा स्क्रू यानंतरच हातात घ्यायचा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवलंत तर टाच झिजण्याची कटकट संपते. झिजलेला बुश, अडकलेली वजनं आणि सरकलेली पुली मात्र तशीच राहतात, त्यामुळे तिसरी आणि पाचवी पायरी तेव्हाही करावीच लागते.