छोट्या कार्यालयाच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनचे नियोजन

एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) चालवायची ठरली की बहुतेक जण आधी प्रोसेसरचे कोअर मोजतात. छोट्या कार्यालयात मात्र काम बहुधा डिस्कपाशी अडते, म्हणून नियोजनाची सुरुवात तिथूनच करावी.

प्रथम सध्याच्या यंत्रांवरचा भार मोजावा. विंडोजमधील परफॉर्मन्स मॉनिटरची नोंद किमान आठवडाभर आणि शक्यतो महिनाअखेर धरून घ्यावी, कारण पगार आणि जीएसटी विवरणपत्रांच्या दिवसांतला ताण एरवीच्या सरासरीत दिसत नाही. डिस्कला एका वाचनाला किंवा लेखनाला सतत २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर तशीच डिस्करचना नव्या सर्व्हरवर नेऊ नये.

७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) एक हार्ड डिस्क विखुरलेल्या डेटावर सेकंदाला साधारण ७५ क्रिया करते असे धरू. अशा चार डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची एक रचना) लावल्या तर वाचनासाठी ३०० क्रिया मिळतात; पण प्रत्येक छोट्या लेखनामागे जुना डेटा आणि पॅरिटी (हरवलेला डेटा परत मिळवण्यासाठी साठवलेली जादा माहिती) वाचून दोन्ही पुन्हा लिहावी लागत असल्याने निव्वळ लेखनासाठी ७५ च उरतात. रेड १० मध्ये प्रत्येक लेखन दोन डिस्कवर होते, त्यामुळे त्या १५० होतात. डेटाबेस आणि फाइल सर्व्हर एकत्र चालवायचे तर दोन्ही आकडे तोकडेच आहेत. म्हणून बजेट मर्यादित असेल, तर जादा कोअर घेण्यापेक्षा पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी लिहिला जात असलेला डेटा वाचवण्याची सोय) असलेल्या दोन एंटरप्राइज एसएसडी रेड १ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा, लावाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मेमरी असेल तेवढीच वाटावी. ६४ जीबीपैकी ८ जीबी होस्टसाठी (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ सर्व्हरसाठी), २४ डेटाबेसला, ८ फाइल सर्व्हरला आणि ४ डोमेन कंट्रोलरला (कार्यालयातील लॉगिन आणि परवानग्या सांभाळणाऱ्या सर्व्हरला) दिल्यास २० जीबी पुढच्या गरजेसाठी शिल्लक राहते. एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल, तर त्याची कमाल मेमरीमर्यादा आवर्जून ठरवून द्यावी, नाहीतर तो हाती लागेल तेवढी मेमरी धरून ठेवतो.

प्रत्येक मशीनला सुरुवातीला दोन व्हर्च्युअल कोअर द्यावेत आणि मोजमापात गरज दिसली तरच वाढवावेत.

बॅकअप, अँटिव्हायरस स्कॅन आणि विंडोज अपडेट यांच्या वेळा मशीनगणिक वेगळ्या ठेवाव्यात. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) अपडेटपुरता घ्यावा आणि काम नीट चालल्याची खात्री होताच काढून टाकावा. तो राहिला तर डिस्कवरची जागा खातो आणि वेगही कमी करतो.