हातानं बनवलेला साबण आठ दिवसांत संपतोय? या चुका टाळा

"ताई, साबण छान होता हो, पण आठ दिवसांत संपला." घरी साबण बनवायला लागल्यापासून ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे. घरी जाऊन पाहिलं की कारण दिसतं. निम्मा साबण अंगाला लागलेलाच नसतो, साबणदाणीतच त्याचा लगदा झालेला असतो.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबणासोबत ग्लिसरीनही तयार होतं. मोठ्या कारखान्यांत ते बऱ्याचदा वेगळं काढून घेतात. घरगुती वडीत ते तसंच राहतं, पण ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. म्हणून बिनभोकांची साबणदाणी वापरू नका. माझ्या न्हाणीघरात वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचा बोटभर जाड काप असतो आणि वडी त्यावर आडवी न टाकता कडेवर उभी ठेवलेली असते. पाणी निथळून जातं. जाळीला जो साबण लागतो, त्यानं बेसिन घासून निघतं. वडी मोठी असेल तर तिचे दोन तुकडे करून आलटूनपालटून वापरा, म्हणजे एक तुकडा पूर्ण वाळायला वेळ मिळतो. जुलैत कोकणात कोऱ्या वडीलाही घाम फुटतो. ते थेंब पाहून साबण बिघडला असं समजू नका. कोरड्या कापडानं टिपा आणि पंख्याखाली ठेवा.

आता खरेदीतल्या चुका. वडी कधी ओतली, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. थंड पद्धतीनं, म्हणजे तेल-सोड्याचं मिश्रण न शिजवता बनवलेला साबण ४ ते ६ आठवडे हवेवर मुरावा लागतो. त्यातलं पाणी उडतं, वडी कडक होते आणि अंगालाही सौम्य लागते. अनंत चतुर्दशीला ओतलेला साबण नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापर्यंत जेमतेम ६ आठवड्यांचा होतो. त्यामुळे वसुबारसेच्या आठवड्यात कुणी "कालच ताजा बनवलाय" असं कौतुकानं सांगितलं, तर तो घ्या, पण वापरायच्या आधी सहा आठवडे जाऊ द्या.

"आमच्या साबणात कॉस्टिक नाही" या वाक्यावरही भाळू नका. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होतच नाही. ती तयार बेस, म्हणजे विकत मिळणारा आयता साबण, वितळवून ओतली असेल, तर सोडा बेस बनवणाऱ्यानं वापरलेला असतो. प्रमाण बरोबर असेल तर सोडा तेलाशी संयोग पावून संपतो, शेवटी तो उरत नाही. घाबरायचं ते अंदाजपंचे मापाला. म्हणून बनवणारा तेल आणि सोडा वजनकाट्यावर मोजतो का, हे जरूर विचारा.

रंगाकडेही नीट बघा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपण धुण्याच्या दगडावर पाहिलेलं आहे. साबणाच्या वडीतही हळद तशीच तांबूस, मातकट होते. कडुनिंबाचा हिरवा रंग काही आठवड्यांत तपकिरीकडे झुकतो, गुलाबाच्या पाकळ्या काळपट पडतात. सहा महिन्यांनीही पोपटी दिसणाऱ्या वडीत पाल्याशिवाय वेगळा रंग असणारच.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर मुळीच मानू नका. बिब्बाही नैसर्गिकच आहे, आणि तो उतला की काय होतं हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. सुगंधी तेलांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. तान्ह्या बाळाला किंवा इसब असलेल्या त्वचेला डॉक्टरांना विचारूनच लावा.

बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी येतो आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. तो पाण्यातल्या क्षारांचा दोष आहे. अशा पाण्यात या साबणानं केस धुऊ नका, चिकट होतात. केसांना शिकेकाईच बरी.

प्रदर्शनात दहा वड्या एकदम घेऊन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं हीही चूकच. घरगुती साबणात थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं आणि ते जुन्या खोबऱ्यासारखं खवट होतं. वडीवर नारिंगी ठिपके दिसले की समजावं. लोखंड-तांब्याच्या संपर्कानं हे लवकर होतं, म्हणून पत्र्याचा डबा नको. कागदात किंवा सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात ठेवा. ठिपके पडलेली वडी अंगाला लावू नका, पण फेकूही नका. स्वयंपाकघरातली फडकी त्यानं स्वच्छ निघतात.