टायर बसवून आणलात? आधी बाण बघा

टायर काढून परत बसवताना उलटा बसला, तर कोरड्या रस्त्यावर पत्ताही लागत नाही. पावसात मात्र पकड कमी होते. नक्षीच्या खाचा चाकाखालचं पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, त्या उलट्या फिरल्या की पाणी नीट बाहेर पडत नाही.

१. टायरच्या बाजूवर ‘रोटेशन’ शब्द आणि बाण असेल, तर गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तिकडेच बाण हवा.
२. बाणाऐवजी ‘आउटसाइड’ लिहिलं असेल, तर ती बाजू बाहेरून दिसायला हवी. आतल्या अंगाला ‘इनसाइड’ असतं.
३. दोन्ही नसेल तर कसाही बसवा.

मी तर टायर काढायच्या आधीच बाणाचा फोटो काढून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. मोटरसायकलला नक्षी बघून अंदाज बांधू नका: पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा अनेकदा उलटी दिसते आणि तीच बरोबर असते. बाण म्हणेल ते खरं.

बाणवाली स्टेपनी नाइलाजाने विरुद्ध बाजूला लावावी लागली, तर ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि पहिल्या संधीला बदला.