‘दुर्मीळ’ पक्षी सापडला? थांबा, आधी या चुका टाळा

कोजागरी झाली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, चापडगावला काहीतरी वेगळंच दिसलंय, फोटो टाकतो." फोटोत एक तपकिरी बदक असतं, अर्धं पाणवेलीआड, तोंड पलीकडे. खाली नाव आधीच लिहिलेलं असतं, तेही असं की ज्याची नाशिक जिल्ह्यात एखादी नोंद झाली तरी लोक मुंबईहून गाड्या काढतील.

ते बदक बहुतेक वेळा गार्गनी असतं, म्हणजे आपलं भुवई बदक. अडचण एवढीच, की ऑक्टोबरात त्याला भुवई नसते.

चापडगावजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात येणाऱ्या नवख्यांची ही सगळ्यात मोठी चूक. विणीनंतर नर बदकं रंगीत पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखीच मळकट दिसतात. पुस्तकातल्या चित्रात नर ऐटीत उभा असतो, तो विणीच्या वेशातला. आपल्याकडे ही मंडळी शरदात उतरतात तेव्हा तो वेश अंगावर नसतोच. थापट्या बदकाचं हिरवं डोकं नाही, चक्रवाक बदकाच्या गळ्यातली काळी कंठी नाही. भुवई बदकाची पांढरी भुवई तर जानेवारी-फेब्रुवारीशिवाय नीट परतत नाही. मग चित्राशी जुळत नाही म्हणून पक्षी ‘दुर्मीळ’ ठरतो.

मीही या पंगतीत जेवून आलोय. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका सकाळी चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असलेलं एक बदक दिसलं. बैकल टील, म्हणजे खरोखरच दुर्मीळ बदक! हात थरथरत होते. फोटो ग्रुपवर टाकला, जागेसकट. अकरापर्यंत बांधावर सात-आठ गाड्या लागल्या, एका शेतकऱ्याचा कांद्याच्या रोपांचा वाफा तुडवला गेला आणि त्याच्या शिव्या मी एकट्याने खाल्ल्या. सोबतचा गावातला गाइड पोरगा सकाळपासून एवढंच म्हणत होता, "सर, भुवईच वाटतंय. उडू द्या ना." मी कुठला ऐकतोय.

मग दलदली भोवत्या, म्हणजे दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, आला. तो पाण्यावरून खालून सरकत आला की सगळं तळं उठतं. माझं ‘बैकल’ही उठलं आणि पंख उघडताच खांद्याकडचा भाग निळसर राखाडी चमकला. गार्गनी नर. बाकी पिसं कितीही मळकी असली तरी पंखाचा तो रंग त्याला सोडत नाही. बैकलचा तो भाग तपकिरी असतो, शिवाय ठिपका गोल, कडेने गडद रेघ असलेला. माझ्या पक्ष्याचा ठिपका नुसता पुसट होता. फोटोतही ते दिसत होतं. मला पाहायचं नव्हतं.

तेव्हापासूनची माझी सवय: बदक उडालेलं पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे की नाही, माहीत नाही, पण तोंडघशी पडणं कमी झालं. आणि उडवायचं म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे महाभाग दिसतात त्यांना सांगतो, भोवत्या फुकटात येतो. थर्मासमधला चहा प्या, तो चक्कर मारेल.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे गाळात उतरणारे. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा शंभर वर्षांहून जुना, गोदावरी आणि कादवेने आणलेला गाळ मागे साचत गेला आणि त्याच गाळावर हे सगळं राज्य उभं राहिलं. वरून कोरडा दिसतो, पाय टाकला की गुडघा गायब. गेल्या हंगामात एकजण असाच मोठी लेन्स घेऊन रुतला. आम्ही उसाचं पाचट टाकून त्याला ओढला. बूट तिथेच राहिले. पण माझा राग बुटांवर नाही. त्याच्या त्या वीस पावलांनी शेकाटे, तुताऱ्या, स्टिंट असे चिखलात चरणारे सगळे पक्षी पलीकडच्या काठाला गेले आणि निरीक्षण मनोऱ्यावरच्या तीस माणसांची सकाळ संपली. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खायला वेळ हवा असतो, तुमच्या फ्रेमसाठी नव्हे. जवळ जायचंच असेल तर मनोऱ्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी पाहायची दुर्बीण, लावा.

आता बारीकसारीक.

पायांच्या रंगावरून स्टिंट ओळखू नका. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर हे खरं, पण गाळात उभे राहिले की दोघांचेही पाय गाळाच्या रंगाचे.

एकटा पक्षी दिसला तर आकाराचा अंदाज बांधू नका. शेजारी ओळखीचा शेकाट्या येईपर्यंत थांबा. रफ या चिखलातल्या पक्ष्याचा नर मादीपेक्षा बराच मोठा असतो आणि पायांचे रंगही नाना. मला आलेल्या निम्म्या ‘नव्या जाती’ रफच असतात.

कालचा फोटो पाहून आज येऊ नका. वरच्या दारणा-गंगापूर धरणांमधून विसर्ग सोडला की पाणी चढतं, काल दिसलेला गाळ आज पाण्याखाली. निघण्याआधी गावात फोन करून पाणी विचारा.

नऊनंतर ऑक्टोबर हीटमध्ये पाण्यावर हवा थरथरते. त्या फोटोवरून वाद घालू नका. सूर्य पाठीशी ठेवा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अ‍ॅपने सुचवलेलं नाव म्हणजे नोंद नव्हे. चोच, पंख, आवाज, सोबत कोण होतं, हे जागेवरच पेन्सिलने लिहा. घरी जाऊन आठवलेल्या पक्ष्याला नेहमी एखादा पट्टा जास्त असतो.

२०१९ मध्ये नांदूरमध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून, तोही राज्यात पहिला, दसऱ्यालाच "फ्लेमिंगो कुठे?" विचारणारे वाढलेत. सुरुवातीला गार्गनी आणि चिखलातली बारीक मंडळी येतात, बदकांचे मोठे थवे पुढे थंडीत. तोवर भुवई नसलेली भुवई बघा. तो गाइड पोरगा मला अजूनही दर ऑक्टोबरात विचारतो, "सर, बैकल आलं का?"