देवगडात राहून सर्टिफिकेट काढायचं तर

मी देवगडात हॉटेलांचं, दुकानांचं नेटवर्क जोडून देतो. नेटवर्किंगची आवड असेल तर सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, करा. सरावासाठी पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभं करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. त्यात राउटर जोडा, मुद्दाम बिघडवा, पुन्हा चालू करा. पाठ केलेली उत्तरं मुलाखतीत दोन मिनिटंही टिकत नाहीत. क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांकडे, ओढा असेल तर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं सर्टिफिकेट, एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर: ९० मिनिटांत ६५ प्रश्न, १००० पैकी ७०० ला पास.

बायोडेटात बीएस्सीखाली अशा सर्टिफिकेटची ओळ असली की मुंबई-पुण्याच्या कंपनीत पहिल्या चाळणीत नाव टिकायला मदत होते. पगार लगेच दुप्पट होतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याला लांबूनच नमस्कार!

परीक्षा घरूनही देता येते, पण जून-जुलैत नको. वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते. दोन्हींची मुदत तीनच वर्षं, तेव्हा नोकरी शोधायच्या तोंडावरच काढा.