आधी घरच्या बोलीत ऐकणे, मग पुस्तकात वाचणे

तिसरी-चौथीतले मूल धडा घडाघडा वाचते, पण त्यात काय घडले असे विचारताच गप्प होते, ही तक्रार मराठवाड्यात पुष्कळ घरांतून ऐकू येते. बंजारा तांड्यावर गोरमाटी, परभणी-संभाजीनगरच्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू, देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू बोलली जाते. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते आणि सेमी-इंग्रजी शाळेत गणितही इंग्रजीत. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये असे मांडले की वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि ऐकून भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. त्यातील एक शून्याजवळ असेल, तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग होत नाही. ऐकून समजण्याची बाजू घरी भक्कम करता येते आणि त्यासाठी आई-वडिलांना लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही.

एक छोटी गोष्ट निवडावी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, इंग्रजी आणि इतर अनेक भाषांतील गोष्टी विनामूल्य मिळतात. पाठ्यपुस्तकातला धडाही चालेल. ती आजीला वाचून दाखवावी आणि तिने आपल्या बोलीत, शब्दाला शब्द न लावता, सांगितलेली गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. मराठी मजकूर मोठ्या भावंडाने वाचावा आणि तोही ध्वनिमुद्रित करावा. व्हॉट्सॲपवरचा आवाज वेगाने ऐकता येतो, पण मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा संथ करता येत नाही, म्हणून वाचणाऱ्यानेच प्रत्येक वाक्यानंतर थांबावे. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा.

पहिल्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून फक्त बोलीतली गोष्ट ऐकवावी आणि मुलाकडून ती परत सांगून घ्यावी. दुसऱ्या दिवशी मराठी ध्वनिमुद्रण लावून मुलाने ओळीखाली बोट फिरवत ऐकावे आणि नंतर आवाज बंद करून स्वतः वाचावे. एक वाक्य मराठीत, लगेच तेच बोलीत, असे मुद्रण मात्र करू नये, कारण मूल सोप्या वाक्याची वाट पाहू लागते आणि अवघड वाक्याकडे त्याचे लक्षच राहत नाही.

खरे काम प्रश्नांत आहे. ‘विहीर आटली म्हणून सखूने बैल विकले’ असे वाक्य असेल, तर ‘सखूने काय विकले?’ या प्रश्नाचे उत्तर वाक्यातून जसेच्या तसे उचलता येते. ‘विहीर आटली तर बैल का विकावे लागले?’ असे विचारले की चारा, पाणी, दुष्काळ हे सारे मुलाला स्वतः जोडावे लागते, आणि आपल्या भागातील मुलांना ते जोडता येते. उत्तर गोरमाटीत आले तरी ते पूर्ण मानावे; त्या क्षणी भाषा सुधारू लागल्यास मूल बोलणेच थांबवते.

बीडसारख्या जिल्ह्यांतून आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मूल गावी आजीजवळ राहत असेल, तर त्यांनी कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवरून, पाठवलेली ध्वनिफीत हीच बोलीतली गोष्ट ठरते. मूल सोबत जात असेल, तर सर्व मुद्रणे निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये साठवून घ्यावीत, कारण फडावर रेंजचा भरवसा नसतो. मूल मराठी मजकूर पहिल्याच वाचनात नीट सांगू लागले, की त्या प्रकारच्या गोष्टींसाठी बोलीतले मुद्रण थांबवावे आणि ते नव्या, अवघड विषयांच्या धड्यांसाठी राखून ठेवावे.